लंडनच्या रताळ्याची चव

मागच्या वर्षी आमचे चिरंजीव चौथीत होते. इथल्या जपानी शाळांत चौथीच्या विज्ञानात मुलं एक वेल लावतात, त्याचं नाव हेचिमा. वसंतात बी पेरायचं, वेलाची उंची पट्टीने मोजायची, पानाचं चित्र काढायचं, नरफूल कुठलं आणि मादीफूल कुठलं ते ओळखायचं. सप्टेंबरात त्याने मला वहीतलं फळाचं चित्र दाखवलं आणि मी ओरडलेच, "अरे, हे तर घोसाळं!" साताऱ्याला आमच्या परसात न्हाणीघराच्या भिंतीवर घोसाळ्याचा वेल चढलेला असायचा. पावसाळ्यात त्याची भजी व्हायची. इतकी वर्षं मी निशि-कासाइच्या भारतीय दुकानांत घोसाळी आली का म्हणून विचारत होते, आणि ती पोराच्या शाळेच्या जाळीवर लोंबत होती. कोणी खात मात्र नव्हतं.

आमच्या वॉर्डात स्वयंसेवकांचा जपानीचा वर्ग भरतो. तिथे मला शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांना मी ही घोसाळ्याची गोष्ट मोडक्यातोडक्या जपानीत सांगितली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ओकिनावात खातात, पण आमच्याकडे हेचिमा म्हणजे तीन गोष्टी: अंग घासायची घासणी, चेहऱ्याला लावायचं पाणी आणि शिकी-सान.

शिकी-सान कोण, असं मी विचारलं, आणि पुढचे कितीतरी वर्ग त्या उत्तरातच गेले. सेन्सेई घरून कागद आणायच्या, कांजींच्या डोक्यावर बारीक हिरागाना लिहिलेले. मी मराठीची एम.ए. आहे, लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं पुण्यात शिकवलंय. पण इतक्या मन लावून मी स्वतः कधी अभ्यास केला नव्हता. कारण पुढे सांगते.

मासाओका शिकी हा आधुनिक हायकूचा जनक. आपल्याकडे शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला, पण ज्याला जग आज हायकू म्हणून ओळखतं ते रूप या माणसाने घडवलं. त्याचा मित्र नात्सुमे सोसेकी. सोसेकीला तुम्ही पाहिलं असेल. जुन्या हजार येनच्या नोटेवरचे मिशीवाले गृहस्थ ते हेच. 'मी एक मांजर आहे' असं म्हणणाऱ्या मांजराची कादंबरी यांची. एवढ्या मोठ्या माणसांविषयी आदरार्थी लिहायला हवं हे शिक्षिका म्हणून मला कळतं. पण शिकी गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. या दोघांना 'अहो-जाहो' करायला माझा हात वळत नाही, तेव्हा एकेरीच लिहिते.

दोघेही १८६७ साली जन्मले. शिकी शिकोकू बेटावरच्या मात्सुयामाचा, सामुराई घराण्यातला, वडील लहानपणीच गेलेले. सोसेकी तोक्योचा, खरं नाव किन्नोसुके. १८८४ मध्ये दोघेही विद्यापीठपूर्व शाळेत दाखल झाले, पण गट्टी जमली ती १८८९ च्या सुरुवातीला. ती कशावरून, तर 'योसे'वरून. योसे म्हणजे जिथे राकुगो चालतो ते छोटं थिएटर. एक कलाकार उशीवर बसून, हातात पंखा घेऊन सगळी पात्रं एकटाच रंगवतो. पुलंच्या एकपात्री प्रयोगांची आठवण येते बघा. दोघांनाही त्याचा नाद. अभ्यासाच्या गप्पांतून नव्हे, तर 'तूही जातोस? मीही जातो!' यातून मैत्री झाली, असं सोसेकीने पुढे सांगून ठेवलंय.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिकीला रक्ताची उलटी झाली. क्षय. त्या काळात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. होतोतोगिसु नावाचा कोकिळेच्या कुळातला एक पक्षी आहे, तो घशातून रक्त येईपर्यंत गातो अशी इथली समजूत. त्याच पक्ष्याचं एक नाव 'शिकी'. एकवीस वर्षांच्या पोराने रक्त ओकल्यावर हे टोपणनाव घेतलं! त्याच महिन्यात किन्नोसुकेने मित्राच्या लिखाणावर अभिप्राय लिहिला आणि त्याखाली पहिल्यांदा 'सोसेकी' अशी सही केली. म्हणजे ज्या दोन नावांनी जपान या दोघांना ओळखतं, ती दोन्ही एकाच महिन्यातली.

एक गंमत सांगते. शिकीने लिहून ठेवलंय की एकदा दोघं वासेदाच्या बाजूला हिरव्यागार भातशेतीतून चालले होते. (हो, आजच्या वासेदात तेव्हा भातशेती होती.) आपण रोज खातो तो तांदूळ याच रोपांना लागतो हे सोसेकीला ठाऊकच नव्हतं! शहरी पोरगा. शिकी थक्क झाला. हे वाचताना मला कोकणातून पुण्यात शिकायला आलेली आमच्या वर्गातली मुलं आठवली. 'शेंगा झाडाला लागतात की मुळाला?' असं विचारून ती पेठेतल्या मुलांची विकेट घ्यायची.

१८९५ साली शिकी युद्धाचा वार्ताहर म्हणून चीनला गेला आणि परतीच्या बोटीवर पुन्हा रक्त ओकत आला. सोसेकी तेव्हा नेमका शिकीच्याच गावी, मात्सुयामाला, शाळेत मास्तर होता. शिकी इस्पितळातून सुटला तो सरळ मित्राच्या बिऱ्हाडी येऊन राहिला. शिकी खाली, सोसेकी वर. बावन्न दिवस! रोज गावातली मंडळी जमायची, खालच्या मजल्यावर हायकूंचा धडाका चालायचा. वर अभ्यास करणं अशक्य झालं म्हणून सोसेकीही खाली येऊन हायकू रचू लागला. शिकी मित्राला न विचारता भाजलेली ईल मासळी मागवायचा, मिटक्या मारत खायचा आणि निघताना म्हणाला, बिल तेवढं तू दे. वर प्रवासाला पैसेही उसने घेतले आणि नारा गावातून कळवलं की ते इथेच संपले. नाराच्या त्याच वारीतून त्याचा पर्सिमन फळ आणि होर्यू-जीच्या घंटेवरचा हायकू आला, जो इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतो. त्याआधीच सोसेकीचा एक हायकू मात्सुयामाच्या वर्तमानपत्रात आला होता, त्यातही देवळाची घंटा आणि झडणारी गिंकोची पानं आहेत. म्हणजे पैसे मित्राचे आणि घंटाही काही अंशी मित्राचीच. मैत्रीत असा हिशोब कोण ठेवतो म्हणा.

आता माझ्याकडे येते.

माझी एक मैत्रीण होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांना विचारलेलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. पाचवीत साताऱ्याच्या शाळेत हजेरीत तिचा नंबर सतरा, माझा अठरा. मास्तरांनी 'सतरा' म्हटलं की ती 'हजर', लगेच मी 'हजर'. पुढे आम्ही एकमेकींना नंबरानेच हाक मारायला लागलो. लग्नात तिच्या सासूबाईंनी विचारलं, "ही तुला सतरा का म्हणते?" तेव्हा ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आमच्यात माझा सतरावा नंबर आहे."

नववीत वाचनालयातून आम्ही हायकूंचं पुस्तक आणलं. मूळ जपानी हायकूत सतरा मात्रा असतात हे कळल्यावर तिने जाहीर केलं की हा काव्यप्रकार तिचाच आहे. चार भिंतीवर बसून आम्ही दोघींनी बरेच हायकू पाडले. खाली सगळा सातारा दिसायचा आणि आम्हाला मात्र तळ्यातल्या बेडकांविषयी लिहायचं असायचं. ते सगळे वाईट होते. तिचे माझ्यापेक्षा थोडे कमी वाईट. मग राजवाड्यासमोर भेळ. पैसे बहुतेक वेळा मी द्यायचे, ती 'उद्या देते' म्हणायची. तिच्याकडे माझ्या अशा किती भेळी निघतात याचा तिने स्वतः केलेला एक आकडा होता, दरवर्षी राखीपौर्णिमेला ती मला व्याजासकट सांगायची.

मी पुण्याला, मग इकडे आले. ती साताऱ्यातच राहिली. पतसंस्थेत नोकरी, नवरा, एक मुलगी. तिने जपान कधी पाहिलं नाही, पण मला इथलं सगळं सांगायला लागायचं. ट्रेनमध्ये लोक खरंच झोपतात का? मग स्टेशन कसं कळतं? बायका भाजी निवडताना टोचून बघतात का? कचरा कुठल्या वारी कुठला? माझ्या घरचा कचऱ्याचा तक्ता तिला माझ्या नवऱ्यापेक्षा चांगला पाठ होता.

तिला कॅन्सर झाल्याचं कळलं त्याला आता तीन वर्षं होतील. मध्ये एकदा भारतात गेले तेव्हा भेटले. डोक्याला रुमाल बांधून बसली होती. म्हणाली, "बघ, शेवटी मीच आधी जपानी बौद्ध झाले." मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही फोनवर बोलत होतो. बोलता बोलता ती थांबली. दुसऱ्या दिवशी तिचा आवाजी संदेश आला. आवाज बारीक झालेला. "अगं अठरा, काल तू बोलत होतीस तेव्हा मागून कोण गात होतं? आळवल्यासारखं? देवळातलं होतं का? रेकॉर्ड करून पाठव ना. छान वाटलं ऐकायला."

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. देवळातलं वगैरे काही नाही, ती याकी-इमोची गाडी होती. भाजक्या रताळ्यांची. थंडीत संध्याकाळी गल्लीतून हळूहळू फिरते, मागे भट्टी, त्यात तापलेले खडे, खड्यांत रताळी. आपला फुटाणेवाला वाळूत भाजतो तसंच. आणि भोंग्यावरून ती लांबवलेली हाक, इशी-याकी-इमोऽऽ. नव्याने आले तेव्हा मलाही ते मंत्र वाटले होते.

मी तिला लगेच लिहायला हवं होतं: अगं, रताळी विकतोय. तीन शब्द. पण मला वाटलं, नीट रेकॉर्ड करून, गाडीचा व्हिडिओ काढून, रताळं फोडून वाफ दाखवून पाठवू. तिची करमणूक होईल. मग गाडी दोन आठवडे आली नाही. आली तेव्हा मी चिरंजीवांना पोहायच्या क्लासहून आणत होते, फोनची बॅटरी संपलेली. मग तिच्या बहिणीकडून कळलं की तिच्या तोंडात फोड आलेत, काही खाता येत नाही. मग वाटलं, अशा वेळी रताळ्याचा व्हिडिओ कसा पाठवायचा? आणखी एक गोष्ट, ती लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ती तिकडे तशी आणि मी इकडे मजेत, हे तिला दिसायला नको असं मला वाटायचं. म्हणून माझे संदेश छोटे होत गेले. काळजी घे. औषध घेतलंस का. देव बरं करेल. ज्या मैत्रिणीला मी कचऱ्याचे वार सांगत होते, तिच्याशी मी पाहुण्यासारखी बोलायला लागले होते.

मार्चमध्ये ती गेली. इथे सकाळचे सहा वाजले होते, भारतात रात्रीचे अडीच. मी डब्यासाठी अंड्याची घडी करत होते. फोन वाजला तेव्हा नवऱ्याने घेतला आणि त्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून मला कळलं. मी जाऊ शकले नाही. त्याचीही कारणं होती, सगळी खरी.

त्यानंतर सहा महिन्यांनी घोसाळं आलं, सेन्सेई आल्या आणि शिकी आला.

१८९६ नंतर शिकी जवळजवळ अंथरुणालाच खिळला. क्षय मणक्यात उतरला होता. तोक्योतल्या नेगिशी भागात लहानसं घर, आई याए, बहीण रित्सु. त्याच खोलीतून तो हायकू, टीका, वर्तमानपत्रातली सदरं लिहायचा. शेवटच्या वर्षातलं त्याचं 'ब्योशो रोकुशाकु' हे सदर मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत छापून येत होतं. रोकुशाकु म्हणजे सहा शाकु, सुमारे एकशे ऐंशी सेंटिमीटर, त्याच्या बिछान्याची लांबी. त्याचं जग एवढंच उरलं होतं.

सोसेकी तोवर कुमामोतोला प्राध्यापक झाला होता. सरकारने त्याला इंग्रजीच्या अभ्यासासाठी दोन वर्षं इंग्लंडला धाडलं. ८ सप्टेंबर १९०० रोजी योकोहामाहून 'प्रॉइसेन' नावाच्या जर्मन बोटीने तो निघाला. निघण्याआधी नेगिशीला जाऊन भेटला. पुन्हा भेट होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

लंडनमध्ये सोसेकीचे फार हाल झाले. पैसे अपुरे, धुकं, एकटेपणा, एकामागून एक बदललेली पाच बिऱ्हाडं. ती आपल्या आयुष्यातली सर्वांत वाईट दोन वर्षं, असं त्याने पुढे लिहिलं. आपल्यापैकी ज्यांनी इथला पहिला हिवाळा बंद दारामागे, भाषा येत नसताना काढलाय, त्यांना हे कळेल. पण १९०१ च्या वसंतात त्याने शिकी आणि क्योशी या दोघांना उद्देशून लांबलचक पत्रं लिहिली. घरमालकीण, रस्ते, आपलं बुटकेपण, नाश्ता, असं सगळं, स्वतःची टिंगल करत. क्योशीने ती त्यांच्या 'होतोतोगिसु' मासिकात छापली. शिकीला ती इतकी आवडली की काय सांगावं.

६ नोव्हेंबर १९०१ रोजी शिकीने लंडनला पत्र पाठवलं. सेन्सेईंनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचाही आवाज नीट नव्हता. त्यात तो लिहितो की मी आता संपलो, रोज विनाकारण रडतो आहे. तुझं ते पत्र फार गमतीचं होतं, अलीकडे इतकी मजा कशात आली नाही. मला परदेश बघायचा होता हे तुला माहीत आहे. तुझं पत्र वाचून तिकडे जाऊन आल्यासारखं वाटलं. जमलं तर माझे डोळे उघडे आहेत तोवर आणखी एक लिही. आणि मग, चित्राची पोस्टकार्डं मिळाल्याचं कळवून, तो विचारतो: लंडनच्या भाजक्या रताळ्याची चव कशी असते, ते ऐकायचंय.

याकी-इमो. कागदावर तोच शब्द होता. मी सेन्सेईंना पुन्हा विचारलं, नक्की हाच शब्द? त्या म्हणाल्या, हो, याकी-इमो. त्यांना वाटलं मला शब्द कळला नाही.

त्या दिवशी मी वर्ग अर्धवट सोडून घरी आले.

शिकीला हवं तसं पत्र पुन्हा मिळालं नाही. १९ सप्टेंबर १९०२ च्या पहाटे, एकच्या सुमाराला तो गेला. आदल्या सकाळी त्याने पाठीवर पडल्या पडल्या शेवटचे तीन हायकू लिहिले. तिन्हींत हेचिमा, म्हणजे आपलं घोसाळं. घोसाळ्याच्या वेलाचा देठ कापून बाटलीत ठेवला की पाणी ठिबकतं, ते छातीतल्या कफावर औषध म्हणून द्यायचे. शरदातल्या पौर्णिमेला काढलेलं पाणी सगळ्यांत गुणकारी. म्हणून त्याच्या अंगणात तो मांडव होता. त्याच्या पुण्यतिथीला आजही 'हेचिमा-की' म्हणतात. तो गेल्यावर त्याच्या आईने मुलाचा देह खांद्याशी धरून उचलला आणि म्हणाली, की आता पुन्हा एकदा दुखतंय म्हणून बघ. त्या रात्री तिथे आलेल्या एका शिष्याने हे लिहून ठेवलंय. सेन्सेईंनी हे वाक्य वाचलं आणि कागद बाजूला ठेवून चहा केला.

लंडनला बातमी पोहोचायला दोन महिने लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस क्योशीचं पत्र मिळालं आणि १ डिसेंबरला सोसेकीने उत्तर लिहिलं. निघालो तेव्हाच जिवंतपणी भेट होणार नाही हे दोघेही जाणून होतो, म्हणून आश्चर्य वाटलं नाही. एवढ्या यातना सोसण्यापेक्षा सुटला हे कदाचित त्याच्या दृष्टीने बरंच, असा त्याचा आशय. सोबत पाच हायकू. चारच दिवसांनी तो परतीच्या बोटीवर चढला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला सोसेकीचा राग आला. सुटला म्हणे! आमच्याकडेही तेव्हा सगळे हेच म्हणत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. पण सेन्सेईंनी पुढचे कागद आणले. १९०५ च्या जानेवारीत 'होतोतोगिसु'मध्येच, मित्राच्या त्या मासिकात, सोसेकीची मांजराची गोष्ट सुरू झाली आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी तिचा दुसरा भाग पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावनेत त्याने शिकीचं ते रताळ्याचं पत्र छापलं. लिहिलं की त्याने एवढं मागितलं आणि मी कामात आहे म्हणत राहिलो, लिहिलं नाही, आणि तो गेला. ज्याला चार वर्षांपूर्वी आश्चर्य वाटलं नव्हतं, तो माणूस अख्खं पुस्तक त्या न लिहिलेल्या पत्राऐवजी मित्रापुढे ठेवत होता. मला वाटतं सोसेकीलाही चांगलं पत्र लिहायचं होतं. पहिल्यासारखं, किंवा त्याहून सरस. तसं जमेना तेव्हा राहून गेलं. आजारी माणसाने मागितलेली असते रताळ्याची चव, आणि आपण त्याला प्रवासवर्णन द्यायला बघतो.

त्यानंतरही विषय संपला नव्हता. १९११ साली सोसेकीने एका चित्रावर छोटा लेख लिहिला. तो कुमामोतोला असताना शिकीने त्याला स्वतः काढून पाठवलेलं फुलाचं चित्र. अझुमागिकु म्हणून शेवंतीसारखं फूल, एक उमललेलं, दोन कळ्या. चित्राच्या बाजूला शिकीने बजावलं होतं की वाईट आलंय ते आजारपणामुळे असं समज, आणि खोटं वाटत असेल तर स्वतः कोपरावर रेलून काढून बघ! सोसेकीने ते चित्र आणि मित्राची पत्रं एकत्र मढवून घेतली. तो म्हणतो, एवढ्याशा फुलाला त्याने निदान पाच-सहा तास घालवले असतील. शिकी आयुष्यात कशातच अनाडी नव्हता, या चित्रात तेवढा तो अनाडी आहे. आणि त्याचं हे अनाडीपण मला आणखी बघायला मिळायला हवं होतं. माझ्याकडे सताराचे हायकू आहेत, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. मोजून चार. बाकी तिनेच फाडले, कॉलेजात गेल्यावर शहाणपण सुचलं म्हणून.

या सप्टेंबरात मी नेगिशीला जाऊन आले. यामानोते लाइनवरचं उगुइसुदानी स्टेशन, उत्तरेचं दार, तिथून पाच मिनिटं. (स्टेशनालगतची गल्ली तासावारी लॉजांची आहे, सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर आधीच गप्पांचा विषय ठरवून ठेवा. आणि घर उघडं आहे का तेही बघून जा.) मूळ घर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, आताचं तसंच पुन्हा बांधलेलं. सहा तातामींची खोली. त्याला पडल्या पडल्या अंगण दिसावं म्हणून क्योशीने दारांना काचा बसवून दिल्या होत्या, १८९९ मध्ये. तेव्हा ती केवढी चैन. एक पाय सरळ होत नसे म्हणून गुडघ्यासाठी खाच कापलेलं लिहायचं मेज. आणि बाहेर मांडवावर घोसाळी.

मी तिथे जमिनीवर बसले. माझ्याशिवाय दोन आजीबाई आणि एक बेसबॉलची टोपी घातलेला मुलगा होता. शिकीला बेसबॉलचं वेड होतं, बॅटर, रनर अशा शब्दांना त्याने दिलेले जपानी शब्द आजही वापरात आहेत आणि २००२ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही घेतलं. मुलगा घोसाळी मोजत होता. आठ झाली, असं त्याने आजीला सांगितलं. मी काचेतून मोजली तर सात दिसत होती. थोडं सरकले तेव्हा आठवं दिसलं, पानाआड, वाळायला लागलेलं.

मागच्या हिवाळ्यात, ती गेल्यावर, गाडी आली तेव्हा मी चपला न घालता गॅलरीत धावले होते आणि ती हाक रेकॉर्ड करून ठेवली होती. एक मिनिट चौदा सेकंद. मध्ये कुत्रा भुंकलाय आणि शेवटी चिरंजीव 'आई, आपण घेऊ या ना' म्हणताहेत. ते फोनमध्ये तसंच पडून होतं. उगुइसुदानीच्या फलाटावर मी ते सतराच्या नंबरावर पाठवून दिलं. का, ते विचारू नका. दोन करड्या खुणा आल्या. मग मी ट्रेनमध्ये बसले आणि झोपून गेले, आणि माझं स्टेशन बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या खुणा निळ्या झालेल्या दिसल्या. आणि खाली आवाजी संदेश. तिचा फोन आता तिच्या लेकीकडे असतो हे मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची आहे.

"मावशी, हा माणूस काय विकतोय?"

मी गॅस बंद केला आणि लगेच उत्तर दिलं. रताळी गं. भाजलेली. बाहेरून काळी पडतात आणि आतून पिवळीधमक, आपल्यापेक्षा खूप गोड, अगदी चिकट. उपासाला नाही खात इथे, नुसतीच खातात, सालासकट. गाडीमागे भट्टी असते. एका रताळ्याला पाचशे येनसुद्धा घेतो, लबाड आहे. मी बोलत राहिले, कचऱ्याच्या वारापर्यंत आले, तेव्हा संदेश चार मिनिटांचा झाला होता.